सगळेच मदतनीस

प्रिय बाई,

लग्नाला इतकी वर्षं झाली तरी तुला नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नाही, आणि आता तर रोज तुझ्याच वर्गात उभा असतो, तेव्हा ‘बाई’च ठीक. पत्र पाहून तू दचकशील. घरात फोन असताना हा माणूस कागद का काळे करतोय, काही बिनसलं तर नाही ना, असं तुझ्या मनात येईल. घाबरू नकोस. घर जागेवर आहे, मी जागेवर आहे, गॅस बंद केलाय की नाही ते दोनदा बघतो. पण फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मध्येच बाळ रडतं, मग लेक फोन ओढून घेते, मग जावई एक नमस्कार टाकून जातात, आणि माझं सांगायचं राहूनच जातं. मोबाइलवर टाइप करावं म्हटलं, तर एका अक्षरावर बोट ठेवलं की शेजारची दोन उमटतात. म्हणून पत्र. हे कारण पुरेसं आहे असं समज.

गेल्या आठवड्यात तुझा फोन आला. तू नेहमीपेक्षा पुष्कळ वेळ बोललीस. शेवटी गप्प झालीस, आणि मी म्हणालो, चालेल. त्यानंतर तुझा फोन नाही. लेक बाळाचे फोटो पाठवते, बाळ उपडं पडलं, बाळानं मूठ तोंडात घातली, पण फोटोत तू कुठेच नसतेस. इकडे पालक रोज दारात मला गाठतात. सुट्टीनंतर बालवर्ग चालू राहणार की बंद होणार? बाई परत येणार की लेकीकडेच राहणार? त्यांचंही बरोबर आहे, त्यांना मुलांची सोय लावायची आहे. मी कधी ‘बघू’ म्हणतो, कधी ‘कळवतो’ म्हणतो. मावशी काही विचारत नाहीत, पण फडकं पिळताना माझ्याकडे असं बघतात, की त्या फडक्याच्या जागी मीच आहे की काय असं वाटावं. तू म्हणशील, अहो, मी ठरवलंय ते तुम्हाला सांगितलं, तुम्ही चालेल म्हणालात, मग सांगून टाका की त्यांना. तेच तर माझ्याच्यानं होत नाही. त्याकडे मी येणार आहे, पण आधी तुझ्या मुलांचं ऐक.

तू जाताना मावशींना सांगून गेली होतीस की या महिन्यात ‘आपले मदतनीस’ शिकवायचंय. मला वाटलं, सोपं आहे. भिंतीवर चित्रं आहेतच. हा पोलीस, हा डॉक्टर, ही नर्स, हा पोस्टमन, हा सफाई कामगार, हा बंबवाला. एकेका चित्रावर पट्टी ठेवायची, तो काय करतो ते सांगायचं, मुलांनी मागून म्हणायचं, संपलं. पहिल्याच दिवशी माझी भंबेरी उडाली. त्या दोन वेण्यांच्या मुलीला तू काय खाऊ घातलंयस कोण जाणे, तिला मी वकीलबाई म्हणायला लागलोय. तिनं विचारलं, कुणीच आजारी नसेल तर डॉक्टर काय करतात. मी म्हणालो, बसून राहतात. तर म्हणे, मग ते मदतनीस नाहीत का त्या वेळी? दुसऱ्या दिवशी तिचा प्रश्न असा, की चोर नसता तर पोलिसाला काम नसतं, म्हणजे चोर हा पोलिसाचा मदतनीस झाला ना. मी पट्टी खाली ठेवली आणि मधली सुट्टी जाहीर केली. मधल्या सुट्टीला अजून बराच अवकाश होता, असं मावशींचं म्हणणं पडलं.

एक सांगतो, तुझी मुलं गोड आहेत, पण सगळी तोंडातल्या तोंडात बोलतात. तू त्यांना मोठ्यानं बोलायला शिकवायला हवं होतंस. एक बोट तोंडात, दुसऱ्या हातानं सदरा चावायला घेतलेला, आणि वर पुटपुटायचं. शिवाय मावशींना हल्ली एक खोड लागली आहे. मूल काही बोललं की त्या तेच वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणतात. मूल म्हणतं माझा डबा, की मावशी कोपऱ्यातून, त्याचा डबा म्हणतोय तो. मला आधी राग यायचा. मग वाटलं, बाईंच्या हाताखाली राहून मावशींनाही शिकवायची हौस आली असेल. मुलांचं पाठांतर होतंय तर होऊ दे.

मग मी ठरवलं, आपण परक्या पोलिसा-डॉक्टरांचं काय सांगत बसलोय, आपण स्वतःच मदतनीस होतो की! अग्निशमन केंद्रात उभा जन्म गेला. मी ऐटीत उभा राहिलो आणि सांगितलं की हे आजोबासर बंबाच्या ऑफिसात होते. सगळी मुलं पुढे सरकली. मग विचारणा सुरू झाली. तुम्ही शिडीवर चढायचात का? नाही. पाण्याचा पाइप धरायचात का? नाही. आगीतून मांजर बाहेर काढलंत का? नाही रे बाबा, मी फोन उचलायचो. वकीलबाईंनी कमरेवर हात ठेवून सांगितलं, की फोन तर आमची आईपण उचलते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! सगळा वर्ग माझ्याकडे इतक्या दयेनं बघत होता, की निरोप समारंभातसुद्धा मला इतकं हळवं व्हायला झालं नव्हतं.

पण मी हार मानली नाही. म्हटलं, फोन उचलणं ही काय चीज आहे ते यांना दाखवू. तुला आठवतं ना, लग्नानंतर पहिल्यांदा मला डबा द्यायला तू केंद्रात आली होतीस आणि तेवढ्यात फोन खणखणला होता. समोरचा माणूस जिवाच्या आकांतानं ओरडत होता आणि मी शांतपणे पत्ता विचारत होतो. तू घरी येऊन माझ्यावर केवढी चिडलीस! माणसाचं घर जळतंय आणि तुम्ही गल्लीचं नाव कसलं विचारता म्हणून. तेव्हा मी तुला आमचा नियम सांगितला होता, आधी पत्ता, मग आग. लोक ‘लवकर या’ म्हणतात आणि फोन ठेवून देतात. कुठे यायचं? फोन तुटला तरी पत्ता हातात राहिला पाहिजे. आणि ऐकलेलं प्रत्येक अक्षर परत म्हणून दाखवायचं, म्हणजे चूक राहत नाही. आमच्या पाळीत माझ्याइतकं पक्कं ऐकणारा कुणी नव्हता, हे मी नाही, आमचे साहेब म्हणायचे. मागे भोंगा वाजत असो, बाई रडत असो, मला पत्ता ऐकू यायचा. एकदा तर एक बाई नुसतीच कुजबुजत होती, आणि मी घराच्या दाराचा रंगसुद्धा बरोबर सांगितला होता.

तर मी खेळ मांडला. तुझ्या पेटीतल्या टोप्या काढल्या, कमी पडल्या त्या मावशींनी पुठ्ठ्याच्या करून दिल्या. ज्याला जे व्हायचं ते व्हा म्हटलं. पापणी लवते न लवते तोच सगळ्या टोप्या डोक्यांवर गेल्या. पोलीस झाले, डॉक्टर झाले, तीन बंबवाले झाले आणि त्यांनी तुझी सतरंजी पाइप म्हणून गुंडाळली. मग सगळे मदत करायला धावत सुटले. पण मदत करायची कुणाला? आग लागलेला कुणी नव्हता. हरवलेला कुणी नव्हता. दात दुखणारा कुणी नव्हता. शेवटी दोन डॉक्टरांनी पोस्टमनला खाली पाडून सुई टोचली आणि पोलिसानं नर्सला पकडलं. रडारड झाली. मी ओरडून सगळ्यांना बसवलं आणि म्हणालो, कुणीतरी असं व्हा की ज्याला मदत हवी आहे. एकही हात वर आला नाही. मी गोड बोललो, बिस्किटाचं आमिष दाखवलं, काही उपयोग नाही. वकीलबाईंनी तर साफ सांगितलं, की ते काही काम नाही, त्याला टोपी नसते.

मी त्या दिवशी घरभर हाच विचार करत फिरलो. सगळ्यांना मदतनीस व्हायचंय, मदत मागायला कुणी तयार नाही. चार वर्षांच्या मुलांना हे कुणी शिकवलं? मला वाटतं आपणच. भिंतीवर इतकी चित्रं लावतो आपण, पण जो हाक मारतो त्याचं एकही चित्र नाही. हे तुला सांगावंसं वाटत होतं. तू असतीस तर दोन शब्दांत काहीतरी असं म्हणाली असतीस, की माझ्या डोक्यातला गुंता सुटला असता, किंवा निदान तू हसली असतीस.

आता तुझ्या निर्णयाबद्दल. मी त्यावर खूप विचार केला. तुला तिथे राहावंसं वाटलं तर त्यात वावगं काही नाही. लेक नोकरीवर परत जाईल, बाळाला आजीची सवय झालेली असेल, तू आयुष्यभर लोकांची मुलं सांभाळलीस, आता आपलं एक सांभाळलंस तर कोण नाव ठेवणार? मी काय, मीही तिकडे येईन. नाहीतर इथेच राहीन, मला दोन वेळचं करून खाता येतं. पण तुला परत यावंसं वाटलं, तर त्यातही वावगं नाही. वर्ग तुझा आहे. मुलं अजून सकाळी आत आली की आधी तुझ्या खुर्चीकडे बघतात, मग माझ्याकडे. म्हणजे असं, की दोन्ही बाजूंनी माझं मत चांगलंच आहे. हे वाचून तुला वाटेल, अहो, मी एकच काहीतरी सांगितलं होतं ना, मग हे दोन्हींकडून काय बोलताय? मलाही हे पुन्हा वाचताना तसंच वाटलं. असो. पुढे लिहितो.

परवा जे झालं ते मावशींनी लेकीला कळवायच्या आत मीच सांगतो. मावशी साबण आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या होत्या. मी मुलांना गोलात बसवून माझ्या नोकरीतल्या गोष्टी सांगत होतो. फोन कधी दुसऱ्यांदा वाजू दिला नाही, पहिल्या घंटीला उचलला, ही माझी आवडती गोष्ट रंगात आली होती. मुलं चुळबुळ करायला लागली. काही उठली, काही हात करून दाराकडे दाखवायला लागली, सगळी एकाच वेळी काहीतरी बोलायला लागली. मी म्हटलं, गप्प बसा, गोष्ट चाललीये. एक मुलगा आहे बघ तुझा, कायम छताकडे बघत बसणारा, मी त्याला ढगोबा म्हणतो. वर्गात तोंड म्हणून उघडत नाही. तो उठला, माझ्यासमोर आला, दोन्ही हातांनी माझी हनुवटी धरली, माझा चेहरा स्वतःकडे वळवला आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं, की ती आत अडकली आहे आणि ती रडते आहे.

वकीलबाईंनी न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावून घेतली होती आणि ती निघत नव्हती. पोरगी दार बडवत होती, किंचाळत होती, केव्हाची. मी शेजारच्या खोलीत बसून सांगत होतो की मी पहिल्या घंटीला फोन उचलायचो.

धावत गेलो. दाराला हात लावला तर दार थरथरत होतं, म्हणजे ती आतून मारत होती. तेव्हा मात्र जुनी सवय अंगात आली. आवाज खाली आणला. म्हटलं, मी इथे आहे, कुठे जात नाही. बादली उलटी घाल, तिच्यावर हळूच चढ, म्हणजे कडीवर जोर येईल. ती काय म्हणाली ते मला कळेना. ढगोबानं दाराला कान लावला, माझ्याकडे वळून मान हलवली, म्हणजे चढली. कडीची शेपटी आधी वर कर, मग आपल्याकडे ओढ. ढगोबानं मान आडवी हलवली. घाई नको, दोन्ही हातांनी कर. असं करत करत, ती आत, मी बाहेर आणि आमच्या मधे तो एवढासा पोरगा, कडी निघाली. पोरगी घामानं आणि रडण्यानं चिंब झालेली. मी तिला उचलून घेतलं. ती माझ्या खांद्यावर बराच वेळ हुंदके देत राहिली, मग डोकं वर करून, मला नीट दिसावं अशी, मोठ्यानं म्हणाली, की मी तुम्हाला किती हाका मारल्या आणि तुम्ही एकपण उचलली नाही.

तिची आई न्यायला आली तेव्हा वकीलबाईंनी सगळी हकिगत स्वतःच मांडली, मला काही म्हणायची गरजच पडली नाही. आई सभ्य आहे, ओरडली नाही. फक्त बाई कधी येणार आहेत ते नक्की सांगा, एवढंच म्हणाली. ती कडी मी त्याच दिवशी काढून टाकली. मावशींनी हातात साबण घेऊन तिथेच उभं राहून सगळं ऐकलं. मी त्यांना विचारलं, की तुम्ही मुलांची वाक्यं परत का म्हणता हो? त्यांनी नुसता पदर तोंडाला लावला. बाई, इतके दिवस त्या मुलांना शिकवत नव्हत्या गं. मला ऐकवत होत्या. आणि मी शहाणा ताकास तूर लागू देत नव्हतो! सगळ्या वर्गाला ठाऊक होतं, चार वर्षांच्या पोरांना ठाऊक होतं, फक्त तुला आणि लेकीला नव्हतं.

काल कानाच्या डॉक्टरांकडे एकटाच जाऊन आलो. तिथे काचेच्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, आवाज आला की बटण दाबायचं. काही ऐकू येईना, तेव्हा मी काचेपलीकडच्या मुलीचा हात बघायला लागलो. तिचा हात यंत्रावर हलला की मी बटण दाबायचो. माझं चांगलं चाललं होतं, पण तिच्या लक्षात आलं आणि तिनं माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. मग बटण नुसतं हातातच राहिलं. डॉक्टर म्हणाले, बायकांचे आणि मुलांचे बारीक आवाज आधी जातात, तुमचे बरेच दिवस झाले जायला लागून, यंत्र लावावं लागेल, घरच्या कुणाला तरी सोबत घेऊन या. घरचं कुणी, म्हणजे तूच की. तर आता सांगतो हे पत्र कशासाठी आहे. त्या दिवशी फोनवर मला तुझा आवाज आला, शब्द एकही आला नाही. तू बोलत होतीस, थांबत होतीस, मधे बहुतेक रडलीससुद्धा. पुन्हा सांग, म्हणायची मला लाज वाटली. तू गप्प झालीस तेव्हा आता आपण काहीतरी म्हणायला हवं असं समजून मी चालेल म्हणालो. कशाला चालेल म्हणालो ते मला माहीत नाही. ते मला लिहून कळव, साध्या अक्षरात लिही, डोळे अजून ठणठणीत आहेत. आणि परत येत नाही असं तू म्हणाली असशील, तर माझं चालेल मी परत घेतो. मला चालणार नाही.

तुझाच,
अहो